शेवंतीच्या रोपांना लागवडीनंतर लगेच कळी येते: कारण कसे शोधायचे आणि प्लॉट कसा वाचवायचा

लागवडीला जेमतेम तीन आठवडे झालेत, झाड वीतभरही नाही आणि शेंड्यात कळी दिसायला लागली आहे. पॉलिहाऊसमधल्या शेवंतीत, विशेषतः ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या लागवडीत, ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. बहुतेक जण आधी नर्सरीवाल्याला फोन लावतात आणि मग झाडांवर काहीतरी फवारतात. दोन्हीची घाई नको. शेवंती रात्र मोजते. अवेळी आलेली कळी म्हणजे झाडाला मधल्या काळात काही लांब रात्री सलग मिळाल्या असा हिशेब असतो. त्या रात्री कुठे मिळाल्या हे सापडले की उपायही सापडतो.

लक्षणे

आधी ही खरोखर अवेळी कळीच आहे ना, याची खात्री करा. शेंड्यात एकच कळी असते आणि तिच्या भोवती, खालच्या पानांच्या बगलेतून, पानांचे फुटवे वर येऊ पाहतात. वेळेवर आलेल्या फुलोऱ्यात मुख्य कळीभोवती दुसऱ्या कळ्या असतात. इथे कळीभोवती पालाच असतो. कळीच्या लगतची दोन-तीन पाने लहान, अरुंद, पट्टीसारखी निघतात आणि शेवंतीच्या पानाला असतात तशा खोल खाचा त्यांना नसतात. पेरे वाढायचे थांबते.

कळी डोळ्यांना दिसण्याआधीच ओळखायची असेल तर पाच-सहा शेंडे खुडून आणा. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि टाचणीने कोवळी पाने एकेक करून बाजूला काढा. वाढीवर असलेल्या शेंड्यात पानामागे पान निघत जाते आणि शेवटी बारीक टोक हाती लागते. कळी धरलेल्या शेंड्यात पाने लवकर संपतात आणि आत बसका, गोल, फिकट हिरवा घुमट दिसतो, साधारण मोहरीच्या निम्म्याएवढा. हे जमू लागले की आठवडाभर आधी अंदाज येतो, आणि या पिकात आठवडा फार मोठा असतो.

शेंडा वाकडा, पाने मुरडलेली आणि पानांवर चंदेरी ओरखडे असतील तर ते फुलकिड्यांचे काम आहे. शेंड्यात कळीही नाही आणि वाढही नाही, नुसता करपलेला काळा ठिपका असेल तर तोही वेगळा विषय. पुढचे सगळे फक्त कळी असेल तरच.

कळी का धरते

पॉलिहाऊसमधल्या बहुतेक वाणांना दिवस साधारण साडेचौदा तासांपेक्षा लहान झाला की कळी धरायला तेवढे पुरते. ती कळी पुढे वाढून उमलायला दिवस साडेतेरा तासांच्या आत लागतो. पुण्यातला वर्षातला सर्वांत मोठा दिवस, २१ जूनचा, सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. झाडाला पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा संधिप्रकाशही कळतो, तो धरला तरी चौदा तासांच्या आगेमागेच आपण थांबतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तर दिवस साडेअकरा तासांचाच असतो. म्हणजे या वाणांसाठी महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने लांब दिवस कधीच नसतो. म्हणून झाड पुरेसे वाढेपर्यंत रात्री दिवे लावून कळी रोखावी लागते.

हे नीट लक्षात घ्या, कारण वाण बहुतेक हॉलंडचे असतात आणि त्यांच्यासोबत येणारे वेळापत्रकही तिकडचेच असते. तिथे जूनमध्ये दिवस पावणेसतरा तासांच्या घरात जातो, त्यामुळे उन्हाळ्यात दिवे लावायची गरज पडत नाही. तो तक्ता इथे जशाच्या तसा वापरला की मे-जूनच्या लागवडीतही कळी लवकर येते. आपल्या देशी काश्यांची, म्हणजे बुडातल्या फुटव्यांपासून लावलेल्या शेवंतीची, गोष्ट थोडी वेगळी आहे. एप्रिल-मेमध्ये लावलेली देशी शेवंती पावसाळाभर वाढते आणि दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते. तिच्यात मे-जूनमध्ये तुरळक कळ्या दिसल्या तर खुडून टाकाव्यात, त्यासाठी दिव्यांचा खर्च लागत नाही.

दिवा रात्रीच्या मधोमध लावण्यामागेही कारण आहे. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर या अमेरिकी संशोधकांनी शंकेश्वराच्या झाडावर, म्हणजे आपल्या बांधावरच्या त्या काटेरी फळांच्या तणावर, दाखवून दिले की झाडाच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती सलग अंधाराची लांबी. लांब रात्र मध्येच थोड्या उजेडाने तोडली की फुलोरा थांबतो. शेवंतीतही तेच होते. संध्याकाळी दिवस लांबवत बसण्यापेक्षा मध्यरात्री अंधाराचे दोन तुकडे करणे स्वस्त पडते आणि खात्रीचेही असते. कोणताही तुकडा सात तासांपेक्षा मोठा नको.

तपासणी, सोप्यापासून अवघडाकडे

पहिली: तारीख मागे मोजा. खर्च नाही, कॅलेंडर हवे. कळी डोळ्यांना दिसते त्याच्या साधारण १५ ते २१ दिवस आधी झाडाने निर्णय घेतलेला असतो. आज १० डिसेंबर असेल तर १९ ते २५ नोव्हेंबरच्या रात्री काय झाले ते पाहायचे. तेव्हा रोपे कुठे होती? तुमच्या बेडवर, शेडनेटमध्ये की नर्सरीत? लाइट गेली होती का? एखाद-दुसरी रात्र चुकल्याने सहसा प्लॉट जात नाही, पण सलग चार-पाच रात्री गेल्या की काही वाण वळतातच. लागवडीनंतर दहाव्या-बाराव्या दिवशीच कळी दिसली असेल तर ती तुमच्या बेडवर धरलेली नाही, रोपे ती घेऊनच आली. ही एवढी आकडेमोड केली तर निम्मी भांडणे सुरूच होणार नाहीत.

दुसरी: कळी प्लॉटमध्ये कुठे आहे त्याचा नकाशा काढा. कागदावर बेड आखा, प्रत्येक बेडवर दर दोन मीटरवर दहा झाडे पाहा आणि कळी असलेल्यांचा आकडा तिथे लिहा. अर्ध्या तासाचे काम आहे आणि सगळ्या तपासण्यांत सर्वांत जास्त हेच सांगून जाते. कळ्या गोल ठिगळात असतील तर त्या ठिगळाच्या वरचा दिवा उडालेला, धुळीने माखलेला किंवा होल्डरमध्ये सैल असतो. एका लांब पट्ट्यात असतील तर दिव्यांची एक ओळ बंद होती. पॉलिहाऊसच्या कडेच्या बेडांवरच असतील तर दिव्यांची शेवटची ओळ कडेपासून फार आत आहे. सगळीकडे सारख्या असतील तर टायमर किंवा लाइट जाणे. एकाच वाणात, किंवा सलग लावलेल्या काही ट्रेंतच असतील तर दोष रोपांत. ठिबकच्या टोकाकडच्या झाडांत असतील तर पाणी. आणि इथे एक, तिथे एक, मध्ये निरोगी झाडे, असे विखुरलेले असेल तर अगदी शेवटची तपासणी वाचा.

तिसरी: रात्री प्लॉटवर जा. दिवे लागतात असे गड्याने सांगितले, एवढ्यावर विसंबू नका. लागायच्या वेळी आणि बंद व्हायच्या वेळी स्वतः उभे राहून घड्याळ बघा.

चाकाचा साधा टायमर लाइट गेली की जागीच थांबतो आणि आली की तिथून पुढे चालू लागतो. तीन तास लाइट गेली तर तो त्या दिवसापासून तीन तास मागे. रात्री ११ ला लागणारे दिवे मग पहाटे २ ला लागतात आणि संध्याकाळपासून तोवर सात तासांहून जास्त अंधार सलग झालेला असतो. दिवे रोज चार तास जळतात, बिलही येते आणि कळीही येते. थ्री फेजचे वेळापत्रक दर आठवड्याला बदलते तिथे हा दोष हमखास सापडतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर बसवा. त्यात वेळ टाकताना दुपारचे १२ आणि रात्रीचे १२ यांची अदलाबदल झालेली नाही ना, तेही पाहा.

वेळ कोणती? पुस्तकांत रात्री १० ते २ असते. आपल्याकडे रात्रीचा मध्य घड्याळाच्या बाराला पडत नाही. पश्चिम महाराष्ट्रात तो नोव्हेंबरात सव्वाबारा-साडेबाराला आणि जानेवारीअखेर पावणेएकच्या सुमारास येतो. म्हणून हिवाळ्यात १०:४५ ते २:४५ ही वेळ चांगली बसते. उन्हाळ्यात अडीच-तीन तासांवरही भागते, पण चार ठेवले तर नुकसान काही नाही.

वीज वाचवायला दर अर्ध्या तासात ६ मिनिटे चालू, २४ मिनिटे बंद अशी पद्धत वापरता येते आणि ती खरोखर चालते. मात्र तिच्यात एक फेरा चुकला तरी झाकून जात नाही. ज्यांच्याकडे लाइट वरचेवर जाते त्यांनी पहिले पीक तरी सलग चार तासांवरच काढावे. सीएफएल दिवे असतील तर ही चालू-बंदची पद्धत नकोच, ते लवकर उडतात.

चौथी: उजेड मोजा. लक्समीटर हजार-दीड हजारात मिळतो. फोनमधले अॅपही ढोबळ अंदाजाला चालते. फोनचा पडदा आकाशाकडे करून तो झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर धरा आणि दिव्याच्या बरोबर खाली नव्हे, चार दिव्यांच्या मधल्या सर्वांत अंधाऱ्या जागी मोजा. सरासरी १०० लक्स हवेत, अंधाऱ्या जागी ७५ च्या खाली जाऊ देऊ नका. दिव्याखाली २०० आणि मध्ये ३० असेल तर त्या मधल्या झाडांसाठी दिवे नसल्यासारखेच आहेत.

९ वॅटचे पिवळट पांढरे एलईडी दिवे बेडपासून दीड-पावणेदोन मीटर उंच आणि २ बाय २ मीटरवर लावले तर हे गणित बसते. १० गुंठ्यांना साधारण २५० दिवे, भार सव्वादोन किलोवॅट, चार तासांना रात्रीचे ९ युनिट. पिवळट दिवा घ्यायचा कारण त्यात लाल प्रकाश जास्त असतो आणि झाड रात्र तुटल्याचे ओळखते ते मुख्यतः लाल प्रकाशावर. निळसर पांढरे दिवे आधीच बसवले असतील तर काढू नका, लक्स थोडे वाढवा. जुने तारेचे शंभर वॅटचे बल्ब कळी रोखतात पण झाड लांबडे करतात, आणि वीजबिल सोसत नाही. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडतो म्हणून एखादा बेड तसाच सोडू नका. तो उजेड पुढे फुलोरा लांबवायला, ओबडधोबड करायला पुरतो, पण कळी नीट रोखायला पुरत नाही.

दिवे महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा, मेन बंद करून. फवारणीचा पांढरा थर बसलेला दिवा डोळ्यांना ठीक वाटतो, मीटरला वाटत नाही.

पाचवी: रोपे शेडनेटमध्ये किती दिवस होती? ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत कमी तपासली जाते. नर्सरीत छाटाला, म्हणजे रोप करायला कापून लावलेल्या शेंड्याला, मुळ्या फुटेपर्यंत रात्री दिवा असतो. रोपे तुमच्याकडे येतात, बेड तयार नसतो, म्हणून आठ-दहा दिवस शेडनेटमध्ये किंवा गोठ्याच्या पडवीत ट्रे ठेवले जातात. तिथे दिवा नसतो. नोव्हेंबरातल्या तेवढ्या रात्री रोपाला पुरेशा होतात. लागवड झाल्यावर दिवे पहिल्या रात्रीपासून लावले तरी उशीर झालेला असतो. ट्रे जिथे ठेवाल तिथे पहिल्या रात्रीपासून दिवा हवा, ट्रेंच्या रांगेवर दीड मीटरवर टांगलेले दोन-चार एलईडीही पुरतात. आणि लागवडीच्या रात्रीच दिवे. ‘रोपे रुजू देत, मग लावू’ हे चालत नाही.

सहावी: पाणी, नत्र आणि ट्रेमधले वय. ताणातले रोप लवकर फुलावर जाते, विशेषतः दिव्यांत थोडी कसर असेल तेव्हा. ट्रेमधून एक रोप उपटून बघा. मुळ्या पांढऱ्या आणि कोकोपीटचा गोळा हलकेच धरून ठेवणाऱ्या असतील तर ठीक. मुळ्या तपकिरी होऊन तळाशी गोल गोल गुंडाळल्या असतील तर रोप ट्रेमध्ये उपाशी बसलेले आहे. छाट लावल्यापासून २०-२२ दिवसांच्या पुढे रोप ट्रेमध्ये नको.

लागवडीनंतरचे पहिले दहा दिवस दुपारी रोप मान टाकता कामा नये. बेड वाफशावर हवा, चिखल नको. नत्र पहिल्या चार-पाच आठवड्यांतच पोचले पाहिजे, कारण पानांची संख्या तेव्हाच ठरते. ठिबकमधून १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम दिले की नत्र १९० पीपीएम होते, या वयाला तेवढे योग्य. कळी दिसल्यावर नत्राचा भडिमार केला तर कळी परत पान होत नाही, उगाच मावा येतो.

सातवी: मातृरोपे, म्हणजे ज्यांचे छाट घेतात ती झाडे. इथून पुढे तुमच्या हातात कमी आणि नर्सरीच्या हातात जास्त आहे. दिवे असले तरी शेवंतीचा शेंडा ठराविक पाने काढून झाली की कधीतरी कळी धरतोच. म्हणून मातृरोपांचे शेंडे सतत खुडत राहावे लागतात, त्यांच्यावर जन्मभर दिवा लागतो आणि चार-सहा महिन्यांनी ती बदलावी लागतात. जुन्या, निबर काडीचा छाट दिव्याखालीही कळी घेऊन येतो. चांगला छाट ५ ते ७ सेंटिमीटरचा असतो आणि बोटाने वाकवला की टचकन मोडतो. वाकून सालीवर लोंबत राहिला, किंवा मोडलेल्या जागी मधला गाभा पांढरा कोरडा दिसला, तर काडी निबर आहे. घरी छाट करणाऱ्यांनी फुललेल्या फांदीचे शेंडे घेऊ नयेत. फुले संपल्यावर बुडातून येणाऱ्या काश्या वाढवा आणि त्यांचे शेंडे घ्या. नर्सरीला प्रश्न एवढेच विचारा: मातृरोपे किती महिन्यांची, दिवा किती ते किती, आणि छाट कोणत्या तारखेचा.

आठवी: शेवंतीचा स्टंट विरॉइड. बाकी सगळे ठीक आहे, तरी काही विखुरलेली झाडे शेजाऱ्यांपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने किंवा निम्म्याने बुटकी, पाने लहान आणि फिकट, आणि फुले आठवडा-दहा दिवस आधी, तीही लहान. असे दिसले तर हा संशय घ्या. हा विषाणूपेक्षाही साधा जंतू आहे आणि रसातून पसरतो, म्हणजे छाटणीच्या चाकूने, खुडणीच्या नखांनी. त्याच्यावर औषध नाही. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर करावी लागते. तोवर ती झाडे पिशवीत घालून बाहेर न्या, त्यांचे छाट घेऊ नका, आणि चाकू १ भाग ब्लीच व ४ भाग पाणी अशा द्रावणात बुडवून, धुऊन मगच पुढच्या बेडला लावा.

कळी धरलेला प्लॉट वाचवायचा तर

आधी कारण काढा, मग खुडणी. उलटे केले तर नवे फुटवेही तीन आठवड्यांत कळी घेऊन येतील. दिवे दुरुस्त झाले की त्याच दिवशी शेंडे खुडा, आणि नुसती कळी चिमटू नका. कळीलगतच्या वरच्या दोन-तीन डोळ्यांतही फुलोरा आधीच ठरलेला असतो. खाली ५-६ निरोगी पाने ठेवून वरचे सगळे काढा. खुडणी सकाळी पाने कोरडी असताना करा. नंतर चार आठवडे एकही रात्र न चुकवता दिवे.

बाजाराचे गणितही आधीच मांडा. १ डिसेंबरला खुडले तर २९ डिसेंबरपर्यंत दिवे, आणि दिवे बंद केल्यापासून नऊ आठवड्यांनी फुलणारे वाण असेल तर फूल मार्चच्या सुरुवातीला. नाताळ, नवे वर्ष गेले. पाडव्याच्या आधीची मागणी आणि लग्नसराई समोर ठेवून खर्च निघतो का ते पाहा.

इथेफॉन हे वाढनियंत्रक मारून कळी थांबवतात हे खरे आहे, मातृरोपांवर काही देशांत तसे करतातही. पण मात्रा वाणागणिक बदलते आणि चुकली तर वाढच थांबते. तज्ज्ञाने लिहून दिल्याशिवाय लागवडीच्या प्लॉटवर वापरू नका.

इथे थांबा

झाड पंधरा सेंटिमीटरच्या आत आहे, खाली पाच निरोगी पाने नाहीत आणि कळी हरभऱ्याएवढी झाली आहे, तर खुडणीने काही हाती लागणार नाही. तो बेड मोडा आणि नवी रोपे लावा. दोन-तीन आठवडे वाट पाहण्यात खत आणि मजुरी जाते, फूल काही मिळत नाही.

विजेच्या बाबतीत मर्यादा आणखी अलीकडे आहे. पॉलिहाऊसचा सगळा सांगाडा लोखंडी पाइपांचा, खाली ओली जमीन आणि वर बाष्प. पाइपाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, वायर गरम लागली, एमसीबी वारंवार पडू लागला किंवा दिवे फडफडू लागले तर मेन बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. टेस्टर घेऊन शिडीवर चढू नका. २५० एलईडींचा भार थेट टायमरवर टाकू नये, मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा स्विच) हवा, नाहीतर टायमरचे पॉइंट चिकटतात. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. त्या रात्रीचा अंधार झाडाला चालेल.

एकाच नर्सरीच्या दोन वेगवेगळ्या तारखांच्या रोपांत, दिवे मोजून बरोबर असतानाही, कळी आली किंवा विरॉइडचा संशय आला, तर तिसरी खेप मागवण्याआधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा पुण्यातल्या पुष्पविज्ञान संशोधन संचालनालयाशी बोला. नमुना कसा आणि कुठे पाठवायचा ते आधी विचारून घ्या. सोबत नकाशाचा कागद, छाटाची आणि लागवडीची तारीख, दिव्यांची वेळ, लक्सचे आकडे आणि लाइट गेलेल्या रात्रींची नोंद न्या.